सासऱ्यांबरोबर वज्रेश्वरी, सायकलवरून

श्रावणात सायकलवरून वज्रेश्वरीला जायचं आणि तंबू ठोकून एक रात्र राहायचं, हे खूळ आमच्या ह्यांचं. अंधेरीच्या ऑफिसात बसून त्यांनी तीन महिने वहीत बेत आखले. मुलुंड ते ठाणे किती वेळ, भिवंडीला चहा कुठे, पाऊस लागला तर काय, नाही लागला तर काय. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं, म्हणून मी सगळं कौतुकाने ऐकायचे.

तंबू ताडपत्रीचा शिवून घेतला. त्याचे खांब माझ्या सासऱ्यांनी केले. ते विक्रोळीच्या एका कारखान्यातून नुकतेच रिटायर झालेले फिटर. नळाचे लोखंडी पाइप कापून, त्यांना आटे पाडून, एकमेकांत फिरवून बसतील असे खांब त्यांनी बनवले. काम झकास होतं. फक्त निघायच्या आदल्या संध्याकाळी ते कॅरिअरवर चढवताना ह्यांच्या कमरेत चमक भरली आणि डॉक्टरांनी चार दिवस पडून राहायला सांगितलं.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? तयारी झालीय ना?" सासरे म्हणाले. "तुका सायकल येता मा गो? चल मग."

माहेरी मी शाळेत सायकलनेच जायचे, हे मीच कधीतरी फुशारकीने सांगून बसले होते. सासूबाईंनी दहा माणसांच्या चपात्या बांधून दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "चढावर त्यांना बोलू देऊ नकोस. दम लागतो."

शनिवारी पहाटे निघालो. ठाणं सोडलं तसा पाऊस लागला, तो काही थांबला नाही. सासरे मात्र प्रत्येक पुलाबद्दल, त्याच्या कठड्याच्या वेल्डिंगबद्दल माहिती देत होते. भिवंडीच्या पुढे चढ लागला.

"बाबा, आईंनी सांगितलंय, चढावर बोलायचं नाही."

चढ संपेपर्यंत ते गप्प राहिले. सपाटीला आल्यावर म्हणाले, "आणखी काय काय सांगितलंय तिने?"

दुपारी पोचलो. गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलो, वरून पाऊस. मग नदीजवळ एका शेताच्या कडेला, शेतातल्या बाईंना विचारून, तंबू ठोकायला घेतला. बाई खुरपणी थांबवून बघत राहिल्या.

"घर नाय का तुमाला?"

"आहे ना. मुलुंडला. पक्कं आहे," सासरे म्हणाले.

"मग?"

सासरे खांबाचे आटे फिरवत राहिले.

तासाभराने तंबू उभा राहिला आणि आम्ही आत बसलो. थोड्याच वेळात ताडपत्रीला पोट आलं. सासऱ्यांनी सायकलच्या पंपाने ते खालून ढकललं आणि तुंबलेलं सगळं पाणी बाजूने आत, चपात्यांवर आलं. त्यानंतर एका बाजूची माती सुटली आणि तंबू आमच्या अंगावर बसला. आम्ही रांगत बाहेर आलो.

"खांब बघ," चिखलात उभं राहून सासरे म्हणाले. "जरा तरी वाकलाय?"

"नाही बाबा. आडवा झालाय, पण वाकला नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, जास्त बोलले. मग ते हसायला लागले, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

त्या बाईंनीच आम्हाला जवळच्या शाळेत नेलं. शाळा सकाळची, केव्हाच सुटलेली. व्हरांडा कोरडा होता. मी पिशव्या टेकवल्या, तर सासरे व्हरांड्याच्या खांबांना दोऱ्या बांधताना दिसले.

"हे काय?"

"तंबू. नुसतं व्हरांड्यात झोपायचं तर मुलुंडला काय कमी होतं?"

संध्याकाळी बाई भात आणि वालाची आमटी घेऊन आल्या. छपराखालचा तंबू त्यांनी चारी बाजूंनी पाहिला. "आता बरं झालं," त्या म्हणाल्या. "दोन दोन छपरं."

जेवताना सासरे म्हणाले, "नोकरीत असताना सुट्टी म्हणजे गावचं घर शाकारायचं, नाहीतर कुणाचं तरी लग्न. नुसतं फिरायला आजच आलो बघ."

"कसं वाटलं?"

त्यांनी बराच विचार केला. "ओलं," ते म्हणाले आणि आणखी भात वाढून घेतला.

वर्षभर मी त्यांच्यासमोर पदर सावरत, मोजकंच बोलत वावरले होते. त्या संध्याकाळी मी त्यांना माझ्या माहेरच्या इतक्या गोष्टी सांगितल्या की शेवटी त्यांनाच जांभई आली.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. ह्यांनी पडल्या पडल्याच विचारलं, "तंबू गळला का?"

"तंबूत झोपलो तर अंगावर थेंब नाही पडला," सासरे म्हणाले. मी चहा ठेवायला आत गेले.

पुढच्या पावसाळ्यात सासरे आणि मी सायकलवरून टिटवाळ्याला गेलो. त्याच्या पुढच्या वर्षी वज्रेश्वरीलाच परत गेलो, तर सासूबाई कुणाला न सांगता एसटीने पुढे जाऊन आमच्याआधी तिथे बसल्या होत्या, भजी खात.