अकरा सेहेचाळीसची नोंद

वडील गेल्यानंतर बाराव्या दिवशी दानेश्वरी कुरुंदवाडहून एस.टी.नं कोल्हापूरला आली आणि शाहूपुरीतल्या ऑफिसात आपल्या खुर्चीत बसली. कुणी काही विचारलं की ती 'हो' म्हणायची. चहा आला, तोही निवून गेला.

त्यांची कंपनी लहान, सात माणसांची. यंत्रमागांच्या शेडसाठी ती सॉफ्टवेअर करते. कुठला माग बंद पडला ते पडद्यावर दिसतं आणि कामगार तिकडं धावतो. प्रत्येकानं केलेले बदल तपासायचे, एकत्र जुळवायचे आणि नवं व्हर्जन बाहेर सोडायचं, हे काम सहा वर्षं दानेश्वरीकडं होतं. ती नसताना ते तिच्या हाताखालच्या राजवर्धननं केलं होतं.

अकराच्या सुमारास इचलकरंजीहून फोन आला. शेडचा मालक ओरडतच होता. "ताई, काय पाठवलंय हे? तीन नंबरचा माग बंद पडला की पडद्यावर चार दिसतोय! माणसं भलत्याच मागाकडं पळत्यात की!"

"आधीचं व्हर्जन परत टाकते. वीस मिनिटं द्या," ती म्हणाली.

अठरा मिनिटांत तिनं ते टाकलं. शेडमधून निरोप आला, आता बरोबर दिसतंय.

कंपनीचे मालक धैर्यशील तिच्या टेबलापाशी आले. "चूक कुठं झाली तेवढं काढ. घाई न्हाय, जमंल तसं कर."

तिनं बदलांचा इतिहास उघडला. प्रोग्रॅममधली कुठली ओळ कुणी, कोणत्या तारखेला, किती वाजता बदलली, ते सगळं तिथं राहतं. पुसलं जात नाही. मागांचे नंबर शून्यापासून मोजायचे की एकापासून, एवढाच घोटाळा होता. त्या ओळीवर तिनं बोट ठेवलं. नाव तिचंच होतं. सोमवार, अकरा वाजून सेहेचाळीस मिनिटं. शेजारी तिनंच टाकलेला शेरा: 'तात्पुरतं. नंतर बघते.'

तिनं मोबाइल काढला. त्याच सोमवारी आव्वाचे, आईचे, दोन मिस्ड कॉल होते. अकरा त्रेचाळीस, अकरा पंचेचाळीस. तिसरा कॉल बारा वाजून दहाला. तो तिनं उचलला होता, आणि तेव्हा सगळं संपलेलं होतं.

काहीतरी वाटायला हवं होतं. तिनं वाट बघितली. पंख्याचा आवाज येत राहिला.

राजवर्धन जवळ आला. "मी तो बदल उघडून बघितलाच न्हाय. तुमचं नाव होतं, म्हणून सरळ घेतला."

"माझं नाव होतं म्हणून बघायचं नाही असं नसतं," ती म्हणाली. आवाज सपाट होता. त्याला वाटलं रागावली. ती रागावली नव्हती.

अहवालात तिनं लिहिलं: चूक माझी, काम अर्धवट असताना जमा केलं. धैर्यशीलनी ते वाचलं, तारीख बघितली आणि चष्मा काढला. "हे असं लिहायची गरज न्हाय."

"तसंच झालंय," ती म्हणाली.

संध्याकाळी कुरुंदवाडला पोचल्यावर तिनं आईला, रत्नव्वाला, विचारलं, "आव्वा, पहिला फोन केलतास तेव्हा अप्पा बोलत होते?"

"न्हाय गं. धाप लागलती. फोनकडं बोट करत होते, म्हणून लावला."

"मी उचलला नाही."

"कामात असशील," आव्वा म्हणाली आणि ताटात भाकरी वाढली. दानेश्वरीनं ती खाल्ली. दुसरीही खाल्ली. चव लागत नव्हती, पण भूक होती.

दोन दिवसांनी तिनं ती ओळ सुधारली. यावेळी राजवर्धननं प्रत्येक ओळ वाचली, एके ठिकाणी शंका काढली, आणि त्याचं बरोबर होतं. नवं व्हर्जन इचलकरंजीला गेलं. कुणाचाही फोन आला नाही. ऑफिसात नियम झाला की कुणाचाही बदल, अगदी दानेश्वरीचाही, दुसऱ्यानं बघितल्याशिवाय आत घ्यायचा नाही.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा पूर्वीसारखी बोलू लागली, असं सगळे म्हणतात. ती कामाला रोज वेळेवर येते. मधे एकदा धैर्यशीलनी विचारलं, "बरी आहेस ना?"

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि पुढचा बदल उघडला.