कमी पाणी पिणारी मोटार

जव्हारला संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. पोशेऱ्याचा जिवा तेव्हा गाडीवान होता. मोखाड्याकडची नागली, भात, खुरासणी गाडीत भरायची, जव्हारच्या पेठेत शेटजींच्या दुकानापुढे उतरवायची आणि येताना मीठ, कापड घेऊन यायचं, हा त्याचा धंदा. बैल दोन, कबऱ्या आणि पाखऱ्या. रस्त्यातला कोणता दगड चुकवायचा हे त्यांना जिवापेक्षा जास्त ठाऊक, म्हणून जिवा पुष्कळदा गाडीत झोपूनच जव्हार गाठायचा.

त्या साली शिमगा झाल्यावर शेटजींनी त्याला ओट्यावर बसवून घेतलं. माणसाला ओट्यावर बसवलं की शेटजींना काहीतरी वाईट सांगायचं असतं, एवढं जिवा ओळखून होता. ते म्हणाले, पुढच्या हंगामापासून माल मोटारीनं आणायचा. तू मोटार घेतलीस तर भाडं तुझं, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. नवी तुला झेपायची नाही. जुनी बघ, पण कमी खाणारी बघ. जिवानं मान हलवली. एखादी गोष्ट समजली नाही की तो जरा जास्तच मान हलवायचा.

घरी आल्यावर सकूनं, त्याच्या बायकोनं, नेमकं तेच विचारलं.

"कमी खाणारी म्हंजे? ती खाते काय?"

जिवाला सांगता येईना. बैल घ्यायचा तर त्याला सगळं कळत होतं. दात बघायचे, खूर बघायचे, शेपटी पिळायची, पाठीवरून हात फिरवायचा. मोटारीचं तोंड कोणतं नि शेपटी कोणती इथूनच त्याचा घोळ सुरू झाला. ज्याला विचारावं तो निराळंच सांगे. त्याचा मेहुणा तुका म्हणाला, कोणाच्या दारात उभी होती ते बघ, मोठ्याच्या दारातलं जनावर लाडावलेलं असतं. दुसरा म्हणाला, आवाज बारीक तिचं पोट बारीक. तिसऱ्यानं मोटार कधी पाहिलीच नव्हती, पण त्यालाच सगळ्यात जास्त सांगायचं होतं.

विकाऊ मोटारी दोन होत्या. जंगलाचा ठेका घेणाऱ्याची एक काळी, आणि दरबारातून घरी बसलेल्या एका रावसाहेबांची हिरवी. दोन्ही जिवाच्या रोजच्या ओळखीच्या. जव्हारचा चढ लागायच्या आधी एक ओहोळ आहे. जिवा तिथे बैल सोडून पाणी पाजायचा, मोटारीही तिथेच थांबायच्या. काळी आली की डायवर घागर घेऊन उतरे, तिच्या नाकाडातलं झाकण उघडी आणि ओती, पुन्हा ओती. हिरवी मात्र भोंगा वाजवून तशीच पुढे जाई. चढाच्या तोंडाशी जे जनावर पाण्याला थांबत नाही ते कमी खाणारं, यात जिवाला शंका नव्हती. डब्यातून ओततात ते पेट्रोल त्यानं पाहिलं होतं, वासही घेतला होता. ते वंगण, असं त्यानं धरलं. गाडीच्या कण्याला तो स्वतः तेल द्यायचाच की.

हिरवीचा डायवर रघ्या नाशकाकडचा, भरभर बोलणारा. त्यानं एकदा सांगितलंही की हिला पेट्रोल जरा जास्त लागतं. जिवा म्हणाला, लागू दे, कण्याला कमी तेल घालून कुठे चालतं. रघ्या फडकं घेऊन काच पुसायला लागला. गिऱ्हाईक खूश असताना आपण कशाला बोला.

जिवाची अट एकच होती. बैल जसा जुंपून बघतात तशी मोटार भरून चढ चढवून बघायची, मग सौदा. मोटारीला लागणारा पैसा कबऱ्या-पाखऱ्याच्या विक्रीतूनच यायचा होता. त्यांचं गिऱ्हाईक, देवराम, त्याच दिवशी पेठेत येऊन थांबणार होता. जनावर विकताना विकणारानं आपलं दावं काढून घ्यायचं आणि घेणारानं नवं घालायचं, ही रीत. म्हणून जिवानं अंबाडीचं एक नवं दावं वळलं, मोटारीसाठी. ते कुठे बांधायचं हे ठरलं नव्हतं.

पहाटे तुका आणि सकू बैलगाडी घेऊन पुढे निघाले. मागून नागलीची पोती भरून हिरवी आली, त्यांना धूळ चारत निघून गेली. जिवा रघ्याशेजारी बसला होता, मांडीवर दावं. ओहोळ आला, हिरवी थांबली नाही. जिवाला फार बरं वाटलं. चढ निम्मा झाला आणि मोटार खोकली, पुन्हा खोकली आणि उभी राहिली. रघ्यानं उतरून टाकीत काडी घातली, ती कोरडी वर आली. मग तो सकाळीच घातलेल्या अख्ख्या डब्याबद्दल रावसाहेबांच्या खानदानाला उद्देशून बरंच काही बोलला.

जिवा धावत ओहोळावर गेला आणि बरोबरच्या वाळक्या भोपळ्यातून पाणी घेऊन आला.

"पाणी नको रे बाबा. पेट्रोल संपलंय."

"ते तं वंगण ना?"

"वंगण कसलं? हेच तिचं खाणं."

"आन् पाणी?"

"पाणी अंग गार ठेवायला."

जिवा भोपळा धरून उभा राहिला. त्यानं विचारलं, "मंग ती काळी येवढं पाणी पिते ती?"

"तिचं पुढचं भांडं गळतंय. पेट्रोल हिच्या निम्मं लागतं तिला. पण ती गेली परवाच, कोणीतरी वाडा गावाकडचा घेऊन गेला."

एवढ्यात बैलगाडी येऊन पोचली. तुका हसत सुटला. सकू हसली नाही, ती बैलांकडे बघत होती. शेवटी गाडी तुकाच्या राखणीला झाडाखाली सोडली आणि गाडीच्या नाड्यानं कबऱ्या-पाखऱ्याला मोटारीपुढे जुंपलं. सकू पोत्यांवर चढून बसली. म्हणाली, मोटारीत बसायचं तं आजच, पुन्हा कोण बसवतंय.

तशी वरात पेठेत शिरली. दुकानं सोडून माणसं बाहेर आली. देवराम दोन नवी दावी खांद्यावर टाकून उभाच होता. तो पुढे झाला. जिवानं कबऱ्याच्या मानेला हात घातला, जुन्या दाव्याची गाठ चाचपली. गाठ त्याची स्वतःची, अंधारातही सुटणारी. हात तिथेच राहिला. देवराम वाट बघत राहिला, मग हळूच खांद्यावरची दावी सारखी करून बाजूला सरला.

शेटजी ओट्यावरून सगळं बघत होते. त्यांनी हा काय प्रकार म्हणून विचारलं.

"शेटजी, कोण कोणाला आणतंय, मना काय उमजत नाय," जिवा म्हणाला.

शेटजींनी त्याला पुन्हा ओट्यावर बसवलं. आता वाईटच ऐकायचं, असं जिवानं धरलं. पण ते म्हणाले, मोटार मी दुसऱ्याची लावीन. पण तीही पेट्रोलवाचून अशीच रस्त्यात बसणार. मोखाड्याला डबे भरून ठेवायला हवेत. मोटारीनं ते वाहायचे तर माल कुठे ठेवणार? डबे तू ने.

जिवानं मान हलवली, नेहमीपेक्षा जास्त. भाडं गेलं की राहिलं, हे त्यानं घरी जाईपर्यंत सकूला चार वेळा विचारलं. तीही नीट सांगू शकली नाही. पुढे कितीतरी वर्षं तो बैलगाडीतून मोटारीचं खाणं वाहत राहिला, आणि ओहोळावर एखादी मोटार दिसली की तिच्या डायवरला आधी हेच विचारायचा, ही पाणी किती पिते? अंबाडीचं दावं पुढे पाखऱ्याच्या जागी आलेल्या गोऱ्ह्याला लागलं.