अक्काच्या हृदयाचा नकाशा

जांभळा, निळा, हिरवा, आणि कडेला पिकल्या केळीचा पिवळा! धुळ्याच्या एका रुग्णालयात, काचेआडच्या खोलीत उभा राहून मी पडद्यावर संथपणे फिरणारी ती रंगीत आकृती पाहत होतो. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे हृदय होते ते. तुम्ही कधी आपल्या माणसाचे हृदय असे सर्व बाजूंनी पाहिले आहे का? मी साठी ओलांडली, आणि ज्या हृदयाच्या मायेवर वाढलो त्याचा आकार मला त्या दिवशी प्रथम कळला.

चूक आमचीच. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला अक्का शिंदखेड्याहून जळगावला माहेरी येते आणि पुरणाचे मांडे दोन्ही हातांवर झुलवत खापरावर टाकते. गेल्या दोन्ही आखाजींना ती त्या तापल्या खापरापुढेच चक्कर येऊन कोसळली. आम्ही म्हटले, वैशाखाचे ऊन, त्यात खापराची धग, दुसरे काय होणार! कैरीचे पन्हे पाजले आणि निर्धास्त झालो. तिचे ठोके मध्येच थबकत होते, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. आजही ते आठवले की स्वतःचाच संताप येतो.

ती भिंत धरून चालू लागली तेव्हा कुठे तपासणीत ते उघड झाले, आणि पेसमेकर बसवायचे ठरले. पण त्याची तार हृदयात कुठेही टेकवून भागणार नव्हते. हृदय आधीच थकलेले. तार भलत्या जागी बसली तर त्याच्या दोन्ही बाजू मागेपुढे धडधडतील आणि ते आणखी खचेल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. म्हणून आधी हा नकाशा. आत फिरणारी बारीक तार जिथे जिथे स्पर्श करी, तिथला विजेचा प्रवास पडद्यावर रंग घेऊन उमटे. दोनदा जागा हुकली. डॉक्टर न चिडता नकाशा वळवून पुन्हा शोधू लागत. कुणाच्या काळजात शिरताना इतका संयम आपण एरवी दाखवतो का?

छातीचा तेवढाच भाग बधिर केल्याने अक्का जागी होती. "डागतर, जागा सापडनी का?" तिचा आवाज आला. "तुम्ही दमी ग्यात व्हई. जरासा चहा ल्या!" स्वतःच्या जिवावर बेतले असताना ही बाई दुसऱ्याच्या चहाची काळजी करत होती!

तिसऱ्या खेपेला तार नेमकी रुतली. पडद्यावरच्या आलेखातले पसरट ठोके एकाएकी सडपातळ झाले. हृदयाच्या दोन्ही बाजू एका तालात चालू लागल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, आणि मी परक्या माणसांसमोर खुशाल रडलो.

दुसऱ्या दिवशी, डावा हात झोळीत बांधलेला असताना, अक्का व्हरांड्यात चालायला निघाली. महिनाभर दर चार पावलांना भिंत धरणारी माझी बहीण! आधाराला मी हात पुढे केला, तोवर ती जिन्यापाशी पोचलीसुद्धा. मागे वळून म्हणाली, "चाल ना रे भाऊ, तुना पाय दुखतस का?"

मागे पडण्यात एवढे सुख असते, हे मला ठाऊकच नव्हते.