चढलेल्या दाताचा फोटो

पुतण्याचा कटंगीहून फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. ‘आत्या, बाबा गेले,’ एवढंच तो म्हणाला. मी चहा गाळून झाकून ठेवला आणि मग बसले... त्याला आता महिना होईल. मुलांनो, तुम्हाला मामाआजोबा फक्त व्हिडिओ कॉलवर हात हलवणारे म्हणून माहीत. म्हणून हे लिहिते आहे.

बालाघाटात दादांचा, म्हणजे तुमच्या मामाआजोबांचा, फोटो स्टुडिओ होता. तेव्हा निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने चेहरे दुरुस्त करत. देवीचे व्रण, सुरकुत्या, सगळं जाई. दादांचा हात त्यात असा बसलेला, की किरनापूरहून गिऱ्हाईक येई. मी कॉलेजात शिकत होते; निगेटिव्हची पाकिटं नावानुसार लावणं माझ्याकडे.

एकदा भरवेलीच्या खाणीवर मँगनीज निवडणाऱ्या बायकांना ढिगात माणसाची कवटी सापडली, दगडासारखीच काळी. खनिज चोरून विकणारी एक टोळी तेव्हा तिकडे होती. तिच्यातला एक ड्रायव्हर पोलिसांना सगळं सांगणार होता. त्याआधीच तो नाहीसा झाला. टोळीवाले म्हणत, पळाला. बायको म्हणे, मारला. पोलिसांनी दादांकडून त्याचा लग्नातला फोटो नेला. कवटीचा फोटो माणसाच्या फोटोवर ठेवून ताडून पाहायची तपासणी तेव्हा नवीच होती. तज्ज्ञांनी कळवलं: कवटीत वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला आहे, फोटोत नाही. कवटी त्याची नव्हे.

हे ऐकून दादांचा घास हातातच राहिला. ‘जावयाचा दात तेवढा बसवून द्या, मास्टर,’ असं त्या ड्रायव्हरची सासू म्हणाली होती, आणि त्यांनी तो पेन्सिलीने बसवून दिला होता.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत एक माणूस आला. आरशात भांग पाडत म्हणाला, ‘मास्टर, फोटोत दात सीधाच आहे ना?’

‘हौ.’

‘मंग सीधाच राहू द्या. काहून तकलीफ घेता?’

एखादा फोटो हलला तर, म्हणून दादा नेहमी दोन काढत. दुसरी, हात न लावलेली निगेटिव्ह मीच शोधून दिली आणि मीच म्हणाले, ‘दादा, जाळून टाक हे.’

‘त्या बाईले काय सांगू?’

‘काही नको सांगू. तुले काही झालं तं?’

दादांनी निगेटिव्ह उजेडात धरली. ‘कुसुम, दात मी बसवला. आता मीच काढीन.’

कोर्टात टोळीच्या वकिलाने विचारलं, ‘म्हणजे तुम्ही खोटे फोटो विकता?’

‘हौ साहेब. लोक तेच मागतात.’

दुसरा फोटो कवटीशी जुळला. टोळीतल्या तिघांना जन्मठेप झाली. काही दिवसांनी ड्रायव्हरची बायको आली. ‘मास्टर, सीधा दातवाला भिंतीवर आहे. मले तो दुसरा द्या. माहा माणूस तसाच हासे.’

तेव्हापासून दादा प्रत्येकाला दोन प्रती देत: एक दुरुस्त केलेली, एक जशीच्या तशी. ‘हा कोण हाय? आमचा बुढा तं नाही,’ म्हणत काही जण दुसरी परत करत. दादा ती पुन्हा पाकिटात घालून देत.

आपल्या घरातल्या सगळ्यांच्या अशा दुसऱ्या प्रती मी कपाटातून काढल्या आहेत. त्या तुम्हाला पाठवते आहे. माझा एक डोळा जरा तिरळा आहे, हे तुम्हाला त्यात दिसेल. दादांच्या स्वतःच्या फोटोची मात्र एकच प्रत निघाली. डाव्या भुवईवर त्यात मोठा व्रण आहे. साक्ष देऊन घरी येताना बसलेल्या दगडाचा. ती तेवढी मी ठेवून घेतली आहे.