पळण्याआधी एक फुगडी

नंदाताई गेल्या त्याला आज वर्ष झालं. वर्षभर मी फुगडी घातली नव्हती.

हसू नका. आमच्या शांती नगरच्या रनिंग ग्रुपचा वॉर्मअप म्हणजे नंदाताईंची फुगडीच होती.

मूळच्या रत्नागिरीच्या. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, पायात मुलाचे जुने स्पोर्ट्स शूज.

मला शुगर निघाली म्हणून डॉक्टरांच्या धाकाने मी ग्रुपला आले. पहिल्याच दिवशी सुसाट सुटणार, तर या बाई आडव्या.

"थंड अंगाने पळालीस तर पोटरीत गोळा येईल. हात दे गो इकडे."

आधी घोटे फिरवायचे, मग खांदे, मग बागेला एक रमतगमत चक्कर. शेवटी फुगडी.

मंगळागौरीला घालतात तीच. पावलं जुळवायची, हातांची अढी घालून मागे झुकायचं आणि गरागरा फिरायचं.

मी अशी धिप्पाड. म्हटलं, ताई, माझं वजन तुम्हाला झेपायचं नाही.

"तू माझं धर, मी तुझं धरते. झालं."

आणि खरंच झालं की हो.

शेजारच्या हेतलबेन रोज 'मेरेको चक्कर आता है' म्हणायच्या आणि रोज पहिला नंबर लावायच्या. रविवारी उत्तनला पळायला जायचो, तिथेही वाळत घातलेल्या बोंबलांशेजारी आमचा धिंगाणा. एका कोळणीने विचारलं होतं, धावायला आलात की लग्नाला?

लाज वाटायची ती फक्त नंदाताईंच्या सुनेला, प्राजक्ताला. लोक गॅलरीतून शूट करतात म्हणून ती खाली उतरायचीच नाही.

नंदाताई रोज तिला हाक मारायच्या. मला म्हणायच्या, ही एकदा खाली आली ना, की मी जिंकले.

ती आली नाही. नंदाताईच गेल्या. साधं आजारपण वाटलं होतं, पण उठल्याच नाहीत.

मग आम्ही मोबाईलवर बघून वॉर्मअप करू लागलो. व्हिडिओतला माणूस इंग्लिशमध्ये सांगतो, आम्ही हातपाय हलवतो.

फुगडीसाठी कोणी हात पुढे केला की मी लेस बांधत बसायचे. त्यांच्या हातांशिवाय दुसरे हात मला धरायचेच नव्हते.

आज सकाळी बागेत आले तर प्राजक्ता उभी.

पायात सासूबाईंचे ते शूज. मोठे होतात तिला, म्हणून लेस करकचून आवळलेली.

"आईंनी कितीदा बोलावलं," म्हणाली. मग एवढंच म्हणाली की मला फुगडी येत नाही.

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. तरी हात पुढे केले.

"तू माझं धर, मी तुझं धरते."

गॅलऱ्यांमधून लोक बघत होते. हेतलबेन रडत होत्या आणि शूटही करत होत्या.

नंदाताई, जिंकलात तुम्ही.

भावपूर्ण श्रद्धांजली. अंग गरम झालंय, आता पळतो आम्ही.