कुत्र्याचा खांदा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे वाशीमच्या तीन शाळांतल्या मुलांना माहीत आहे. गणित शिकवणाऱ्या बाईला थोडा राग असावाच लागतो, असं मी स्वतःला समजावत आले. त्या पावसाळ्यात मात्र तो राग मी अशा माणसावर काढला, ज्याने माझं काहीच वाईट केलं नव्हतं.

कुत्रा माझा नव्हताच. मुलीने कॉलेजात असताना आणला, लाडाने वाढवला, आणि पुण्याला नोकरी लागल्यावर तो माझ्या अंगणात ठेवून निघून गेली. सोनेरी, लांब केसांचा, मोठ्या डोक्याचा. मी त्याला वेळेवर भाकरी-दूध देत होते. यापलीकडे आमचं फार काही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी बाबांची नजर गेली. आमच्या गावची, धनजची शेती भावाने सांभाळली, बैलजोडी विकली आणि बाबांना मी इकडे आणलं. जन्मभर शेतात राबलेला माणूस कॉलनीतल्या दोन खोल्यांत काय करणार? दिवसभर पलंगाच्या कडेला बसून तळहात एकमेकांवर घासत राहायचे. पण महिना-दीड महिन्यात त्यांचं आणि कुत्र्याचं जमलं. रोज सकाळी बाबा त्याच्या छातीचा पट्टा धरायचे, कुत्रा पुढे ओढायचा, आणि दोघं कोपऱ्यावरच्या कडुलिंबापर्यंत जाऊन परत यायचे. त्या एवढ्याशा फेरीवर बाबांचा दिवस निघायचा. जेवताना ते मला सांगायचे, आज कोणाच्या घरी कशाला फोडणी पडली, कोणाच्या फाटकाला तेल हवं आहे.

बैलांच्या गोष्टी तर रोजच्याच. धनजला पोळ्याच्या दिवशी ते गावातल्या प्रत्येक बैलाच्या खांद्यावरून हात फिरवायचे. जू घासून कुठे सूज आली, कुठे कातडं फुटलं, ते त्यांना हाताला कळायचं. "ज्याच्या बैलाचा खांदा फुटला," ते म्हणायचे, "त्यानं पोळ्यात तोंड दाखवू नाई." हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की आता ते कानावर पडलं तरी आत जात नसे.

श्रावणात कुत्र्याच्या अंगाला वास येऊ लागला. स्टेशनच्या रस्त्याला एकाने कुत्र्यांना आंघोळ घालायचं, केस कापायचं दुकान उघडलं होतं. माणूस मूळचा कामरगावचा, नागपूरला काम शिकून आलेला. आमच्या शिक्षकखोलीत त्याच्या दुकानाला सगळे कुत्र्याचं सलून म्हणत आणि हसत. मी सकाळी शाळेत जाताना कुत्रा तिथे सोडला आणि बजावून सांगितलं, की आंघोळ घाला, नखं कापा, पायाजवळचे केस थोडे कमी करा. बाकी हात लावू नका.

संध्याकाळी पाच वाजता न्यायला गेले तर माझ्यासमोर एक भलताच प्राणी उभा राहिला. मानेपासून शेपटीपर्यंत सगळे केस उतरवलेले. खाली गुलाबी कातडी, खांद्यांवर लाल चट्टे, त्यावर मलम. एवढ्या मोठ्या डोक्याखाली ते अंग केवढंसं दिसत होतं. मला बघून त्याने शेपटी हलवली, तीसुद्धा दोरीएवढी.

रागात माझी शाळेतली भाषा सुटते आणि धनजची बाहेर येते. "म्या काय सांगतलं होतं तुमाले? अन हे काय करून ठेवलं?"

"मॅडम, दोनदा फोन केला तुमाले," तो म्हणाला.

फोन आला असणार. तासाला आम्ही फोन कपाटात ठेवतो. पण ते कबूल करायच्या मनःस्थितीत मी नव्हते. "मंग थांबाचं होतं."

"थांबाले जागा नोती. गाठी अशा जमल्या होत्या का कंगवा शिरे ना. खाली चामडी ओली झाली होती. पावसाचे दिवस हायेत, आणखी दोन दिवस गेले असते तर अळ्या पडल्या असत्या." त्याने कोपऱ्यातल्या टोपल्यातून केसांचा एक लगदा उचलला. "वास घेऊन पाहा. तूप हाये याच्यात. अन हळद."

"आमच्या घरी कुत्र्याले हळद नाही लावत."

त्याने लगदा हातात उलटसुलट करून पाहिला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मग त्याने विचारलं, "घरी कोनी म्हातारं मानूस हाये का?"

"त्याचा काय संबंध?"

"नाई, काई नाई," तो म्हणाला आणि लगदा परत टोपल्यात टाकला. "पन मॅडम, एक सांगा. याच्या अंगावरून तुमी शेवटचा हात कवा फिरवला?"

मी आवाज चढवला. तुमच्यासारख्यांनी मुक्या जनावरांना हात लावू नये, असं काहीबाही बोलले. त्याने मलमाची डबी माझ्या हातात ठेवली, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या म्हणाला आणि आठ-दहा दिवस छातीचा पट्टा घालू नका असं दोनदा सांगितलं. घरी पोचायच्या आधी रिक्षातच मी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून टाकलं, की या माणसाकडे कोणी कुत्रा नेऊ नये. उचलली जीभ लावली टाळ्याला.

बाबा ओट्यावर वाट बघत बसले होते. कुत्रा धावत गेला आणि त्यांच्या मांडीत शिरला. बाबांनी दोन्ही हात त्याच्या पाठीवर ठेवले, खांद्यापर्यंत नेले आणि एकदम काढून घेतले.

"हा आपला नाई," ते म्हणाले.

"बाबा, आपलाच आहे. केस काढले त्याचे."

"बदलला त्यानं. दुसरा देल्ला तुले. आपल्याचं अंग असं नाई."

मी समजावलं, शपथ घेतली, कुत्र्याच्या भुंकण्याकडे लक्ष द्या म्हटलं. काही उपयोग झाला नाही. रात्री कुत्रा त्यांच्या पायावर डोकं ठेवून आडवा झाला, तर त्यांनी पाय उचलून पलंगावर घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फिरायला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. कुत्रा सहा वाजता दारात जाऊन उभा राहायचा, कुडकुडल्यासारखा हलायचा, आणि थोड्या वेळाने तिथेच बसायचा. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. जेवण निम्म्यावर आलं. कोणाच्या घरी कशाची फोडणी पडली हे मला कोणी सांगेना. नजर गेली तेव्हाही हा माणूस एवढा खचला नव्हता. मला भीती वाटू लागली, खरी भीती. जे एक काम त्यांच्या हाताला उरलं होतं, तेही गेलं होतं.

आणि दोष कोणाचा? माझ्या मनात तो त्या दुकानवाल्याचाच होता. चौथ्या दिवशी त्याला फोन करून मी तो बोलूनही दाखवला. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "चट्टे सुकले का?"

सुकत होते.

पोळ्याच्या दोन दिवस आधी आमच्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, की हळदीचा डबा या आठवड्यात भरलेलाच आहे. त्याआधी चार महिने हळद आणि तूप दोन्ही भराभर संपत होतं. खोटं कशाला सांगू, मी मावशींवरच संशय घेतला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची मला सवयच आहे.

"आधी कोण नेत होतं मग?" मी विचारलं.

"बाबा नेत ना वाटीत. दुपारी कुत्र्याचे खांदे चोळत बसत. मले वाटलं, तुमाले मालूम हाये."

मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून चोळतात, त्याला आमच्याकडे खांद शेकणं म्हणतात. वर्षभर ज्या खांद्याने जू ओढलं, त्याला एक दिवस आराम. बाबांचा कुत्रा रोज सकाळी त्यांना ओढत होता. जो ओढतो त्याचा खांदा दुखतो, एवढा साधा हिशेब. बैलाच्या आखूड केसांवर वर्षातून एकदा जे चालतं, ते त्या लांब केसांत रोज गेलं, वर धूळ बसली, पट्टा घासला. सोनेरी केसांत हळद दिसली नाही. दिसली असती, मी बघितलं असतं तर. त्या चार महिन्यांत मी कुत्र्याच्या अंगाला एकदाही हात लावला नव्हता.

बाबांना मी काही बोलले नाही. दुकानात गेले. तो एकटाच बसला होता, गिऱ्हाईक नव्हतं, आणि ते का नव्हतं हे मला माहीत होतं. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे ती फार वाईट मागितली.

"मले त्याच दिवशी समजलं होतं," तो म्हणाला. "कामरगावले माया आजा शेळीचेबी खांदे शेके. शेळी काय ओढते, सांगा."

"मग तेव्हाच सांगितलं का नाही?"

"तुमी रागात होत्या. घरी जाऊन म्हाताऱ्या मानसावर काढला असता."

हे ऐकून मला पुन्हा रागच आला, कारण ते खरं होतं. मग मी तिथेच उभी राहून ग्रुपवर लिहिलं, की चूक माझी होती, कुत्र्याकडे माझं लक्ष नव्हतं आणि या माणसाने त्याला वाचवलं. त्याला विनंती केली, की एकदा घरी या आणि कुत्रा तोच आहे हे बाबांना सांगा. हळदीचं मात्र काढू नका. तो बरं म्हणाला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी तो आला. बाबांच्या शेजारी पलंगावर बसला आणि म्हणाला, "आबाजी, म्या केस कापले त्याचे. कुत्रा तुमचाच हाये. पाहिजे तर बैलोबाची आन घेतो."

बाबांनी त्याचा हात मागितला. तळवा चाचपला, बोटांवरचे ओरखडे चाचपले. "चावतात का तुले?"

"चावतात कवाकवा."

"मंग तू खोटा मानूस नाई," बाबा म्हणाले. कुत्रा उंबऱ्यापाशी बसला होता. बाबांनी मांडीवर थाप मारली आणि तो आला. या खेपेला त्यांनी हात सरळ खांद्यावर ठेवले, खपल्यांवरून बोटं हळू फिरवली, एक-एक मोजल्यासारखी.

"म्या पयल्याच दिवशी वळखलं होतं याले," ते म्हणाले. "आपलं जनावर वळखाले केस कायले लागतात? खांदा फुटला होता त्याचा. जिथं माया हात फिरे, बरोबर तिथंच. म्हटलं, बदलला म्हनून सांगाव. आपला नाई म्हटलं म्हंजे पाप आपलं नाई."

मी तोंड दुसरीकडे फिरवलं. मी हळद लपवत होते, दुकानवाला हळद लपवत होता, आणि ज्याच्यापासून लपवत होतो तो सात दिवस भिंतीकडे तोंड करून तेच एकटा गिळत होता. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

दुकानवाला मात्र कामाचा माणूस. "आबाजी, पाप नाई. फक्त तूप नोको अन हळद नोको." त्याने पिशवीतून लाकडी मुठीचा एक ब्रश काढला, बाबांच्या हातात दिला, त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि कुत्र्याच्या पाठीवरून, खपल्या सोडून, मानेकडून शेपटीकडे नेला. "आता केस बारीक हायेत, हलका हात ठेवा. वाढतीन तसं रोज करा. गाठ लागली का थांबाचं, मले बोलवाचं."

"रोज करू?" बाबांनी विचारलं.

"रोज कराव लागते."

तो गेल्यावरही बाबा संध्याकाळपर्यंत ब्रश फिरवत होते. दिवेलागणीला त्यांनी तो बाजूला ठेवला आणि दोन्ही कोरडे हात कुत्र्याच्या खांद्यावर ठेवले. धनजला बैलांना पोळ्याच्या जेवणाचं आमंत्रण देताना म्हणायचे तेच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग थोडं थांबून विचारलं, "येशीन ना?" बैलांना हे कधी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

पोळ्याच्या सकाळी मी शोधून एक मऊ दोरी काढली. बाबांनी ती घेतली नाही. "आज जू नसते," म्हणाले. मी म्हटलं, बाबा, रस्ता आहे, गाड्या आहेत, तो पुढे पळाला तर? त्यांनी दार उघडलं.

कुत्रा आधी बाहेर गेला, पायरीपाशी थांबला आणि मागे वळून आला. बाबांनी त्याच्या मानेवर हात ठेवला. तो ओढत नव्हता. बाबांच्या पावलाला पाऊल लावून, त्यांच्या गुडघ्याला चिकटून, तो कडुलिंबापर्यंत गेला आणि तसाच परत आला. मी फाटकात उभी राहून बघत होते. ते परत आले तेव्हा मीही कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला. नवे केस टोचत होते.