लाभ धरून की लाभ सोडून

बजाजनगरला आमच्या शेजारणीचा बरेच दिवस समज होता, की आमच्याकडचे शेतावर जाऊन पितात. तिचं तरी काय चुकलं? मी गॅलरीत उभी राहून फोनवर मोठ्यानं विचारायचे, "अहो, दारू किती भरली? मागच्यापेक्षा कमीच घ्या बरं." शेवटी एकदा तिला घरात बसवून सांगितलं, की बाई, ही बंदुकीची दारू. वेरूळच्या अलीकडं आमचं शेत आहे, तिथं मक्यात रानडुकरं पडतात, आणि सासऱ्यांच्या वेळची ठासणीची बंदूक आता ह्यांच्या नावावर आहे, पीकराखणीच्या परवान्याची. तर ती म्हणते, "म्हणजे पीत नाहीत?" जरा हिरमुसलीच.

ठासणीच्या बंदुकीला तयार काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर चिंधीचा बोळा, त्यावर छर्रे, परत बोळा, आणि लांब लोखंडी गजानं सगळं ठासायचं. मागं घोड्याखाली तांब्याची बारकी टोपी बसवली की झालं. म्हणजे दारू किती, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आमच्यात त्याचं माप म्हणजे सासूबाईंचं पितळी अंगुस्तान, गोधडी शिवताना बोटात घालायचं. छर्ऱ्याला दोन अंगुस्तानं, बोट फिरवून सपाट. ह्याहून जास्त कधी नाही. आवाज झाला, डुक्कर पळालं, एवढंच काम.

एका हंगामात मात्र डुकरं मारायची रीतसर परवानगी निघाली. छर्ऱ्यानं डुक्कर मरत नाही, नुसतं चवताळतं. म्हणून ह्यांनी शिशाची एक जड गोळी आणवली. त्याच दिवशी आम्ही दोघं शेतावरच्या घरी होतो आणि नणंदेचे यजमान आले होते, वैजापूरकडून. माणूस हौशी. आल्या आल्या गोळी तळहातावर खेळवायला लागले.

"दाजी, ह्याला एकच माप घालायचं," हे म्हणाले.

"एकच? अहो, एवढी जड गोळी. वाढवायची सोडून कमी करता व्हय? गाडीत वझं वाढलं तर आपण बैल वाढवतो का कमी करतो?"

"उलटं असतंय ते. छर्रे हलके, भुर्रकन पुढं पळतात. ही जड, जागची लवकर हलत नाय. तंवर मागची दारू पेटलेली. तिचा जोर कुठं जायचा? नळीवर."

मी ओट्यावर शेंगा फोडत होते. म्हटलं, "भाऊजी, कुकरच्या शिट्टीवर वरवंटा ठेवल्यावाणी होईल ते."

"आणलाच का वैनींनी कुकर मधी!" दाजी हसले. "बरं, एक तर एक. तुमची बंदूक, तुमचं माप. पण भरणार मी."

आता जावयाला नाही कोण म्हणणार? ह्यांनी अंगुस्तान त्यांच्या हातात दिलं आणि टोप्यांची डबी आणायला आत गेले.

इथं ह्यांच्या डोळ्याचं सांगायला पाहिजे. डावा डोळा लहानपणी गोवरात गेला. आहे तो उजवा, आणि बंदूक गालाला लावली की तोच टोपीपासून वीतभर अंतरावर येतो. मागून काही उडालं तर काय होणार, हे मला तिथं बसून दिसत होतं. म्हणून शेंगा हातात होत्या पण कान दाजींकडं होते.

दाजींनी पहिलं अंगुस्तान भरलं. ओतताना म्हणाले, "लाभ." दुसरं भरलं. म्हणाले, "एक."

धान्य मापताना आपल्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पण आमच्या घरात लाभ म्हणजेच पहिलं माप, पुढचं थेट दोन. दाजींच्या घरात लाभ देवाचा, तो मोजणीत धरत नाहीत, त्याच्या पुढं एकपासून सुरुवात. खळ्यावर ह्यावरून दरवेळी थट्टा चालायची. "तुमचा लाभ आमच्या अंगावर का?" असं हे म्हणायचे आणि दाजी आणखी एक माप ओतून दाखवायचे. ज्वारीत तसं चालून जातं.

मला उठून यायला वेळ लागला, गुडघे आहेत माझे. तोवर बोळा झाला, गोळी झाली, गज मारून झाला, आणि हे बाहेर येऊन चिमटीत टोपी धरून उभे.

मी म्हटलं, "भाऊजी, लाभ धरला का?"

"लाभ कुणी धरतं का वैनी?"

ह्यांची चिमूट तशीच राहिली. मग त्यांनी टोपी डबीत टाकली, झाकण लावलं, आणि गज परत नळीत सोडून पाहिला. एका मापावर गज नळीबाहेर किती राहील, ते त्यांच्या बोटांना पाठ आहे. आज पुष्कळच वर राहिला.

"सपाट का शिगेचं?" मी विचारलं.

"शिगेचंच की. सपाट मापायची रीतच नाय आमच्यात."

म्हणजे दोन मापं, तीही शीग लावून, आणि वर जड गोळी. पण घरच्या जावयाला काय बोलतात? ह्यांनी बंदूक बांधाकडं तोंड करून भिंतीला उभी केली आणि म्हणाले, "दाजी, चहा घेऊ." दाजींनी चहा बशीत ओतला, पण बशी काही तोंडाला लागेना. सुरकुती धरली चहावर.

मग नळीत पाणी ओतून ती रात्रभर तशीच ठेवली. दारू पूर्ण भिजल्यावर सकाळी गजाच्या टोकाला मळसूत्र लावून बोळा ओढला, गोळी काढली. खालून काळा चिखल आला. डुकरं रात्रीच येऊन मका खाऊन गेली होती.

त्यानंतरही दाजींशी बोलणं पहिल्यासारखंच राहिलं, उलट थट्टा वाढली. दिवाळीला डाळ पाठवली तर फोन करून विचारतात, "वैनी, लाभ धरून का लाभ सोडून?" मी म्हणते, सोडून, तुमच्यासारखं. डाळीला माझी हरकत नाही.

बंदुकीचं माप आता मी घालते. बोट फिरवून सपाट करते, ओतते आणि अंगुस्तान तिथंच पालथं ठेवते. त्या वेळी मी लाभही म्हणत नाही आणि एकही म्हणत नाही. हे शेजारी उभे असतात. ते गज सोडून बघतात, आणि मगच डबी उघडतात.